सतरा नंबरचा हरभरा

परभणीला जाते आहे असं सांगितल्यावर कार्यालयातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला : "तिथे पाहण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "चोवीस ठिकाणं आहेत. यादी केली आहे." हे उत्तर विनोद म्हणून दिलं नव्हतं.

आमच्या पुण्याच्या कार्यालयात उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीच्या वापराचे नकाशे तयार होतात. कुठे पीक, कुठे पाणी, कुठे झाडी, कुठे पडीक, हे संगणक रंगांवरून ठरवतो. त्याने ठरवलेलं बरोबर आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन तपासणं हे माझं काम. यंदा आमच्याकडे एक नवीन यंत्र आलं होतं. उपग्रह जमिनीकडे चारच रंगपट्ट्यांतून पाहतो. हे यंत्र जमिनीवरून परत येणारा प्रकाश शेकडो बारीक पट्ट्यांत फोडून मोजतं. आमच्या धंद्यात याला नुकतंच हायपरस्पेक्ट्रल म्हणू लागले आहेत. हिरवं पान तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात एकदम उजळतं, त्यामुळे पिकाचा आलेख तिथे कड्यासारखा वर चढतो. उघड्या जमिनीचा आलेख आडवा आडवा जातो. दोन्हींत गल्लत होत नाही. परभणी जिल्ह्यातल्या पिकांचे आणि मातींचे असे आलेख गोळा करायचे आणि त्यांच्या आधाराने नकाशा दुरुस्त करायचा, असं ठरलं होतं. दुरुस्त नकाशा जिल्ह्याला जाणार होता. त्यात जे 'पडीक' निघेल तिथे सरकारी झाडं लागणार होती.

माझ्याजवळ तीन याद्या होत्या : सामानाची, ठिकाणांची आणि वेळांची. वेळांची सगळ्यात महत्त्वाची. उपग्रह एका जागेवरून बावीस दिवसांनी एकदा जातो, सकाळी साडेदहाच्या आसपास. त्याच सुमाराला खाली आपलं यंत्र तयार हवं. तो दिवस बुधवार होता.

रविवार, परभणी

गाडीतून उतरलो तेव्हा स्टेशनावर धुकं होतं आणि थंडी पुण्यापेक्षा कोरडी, नाकात टोचणारी. बरोबर वानखेडे होते. ते नागपूरचे, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. यंत्र त्यांच्या ताब्यात. प्रवासभर त्यांनी ती पेटी मांडीवर घेतली होती, तान्ह्या मुलासारखी.

गावात शिरताना भिंती पाहिल्या. विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या. एका भिंतीवर 'झालेच पाहिजे', समोरच्या भिंतीवर 'होऊ देणार नाही'. दोन्हींवर चुना मारला होता आणि चुन्यातून दोन्ही वाचता येत होतं. रिक्षावाल्याला मी काही विचारलं नाही. त्यानेही आपण होऊन फक्त हवेबद्दल सांगितलं.

खाणावळीत ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचा आणि मसाल्याचा पिठासारखा साठा. पाण्यात कालवून उकळला की आमटी. माझं माहेर रत्नागिरीकडचं. आमच्याकडे नारळाशिवाय आमटी होते हे आईला पटलं नसतं. भात शेवटी आला, तोही "घ्यायलाव का?" असं विचारून.

जीप भाड्याची होती. चालक करीमभाई, पन्नाशीचे, मफलर डोक्यावरून हनुवटीखाली बांधलेला. त्यांनी माझी ठिकाणांची यादी हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरली.

"मॅडम, ये चोवीस में से आठ को रस्ताच न्हाई."

"मग?"

"मग काय. जीप म्हातारी हाय, पण नियत चांगली हाय तिची."

सोमवार, बोरीच्या बाजूला

पहिला दिवस फक्त पाहणीचा, ही माझी पद्धत. यंत्र पेटीत. प्रत्येक ठिकाणी जायचं, नकाशातली जागा हीच का ते ताडायचं, लाल फडकं बांधलेली खुंटी मारायची, तलाठ्याच्या उताऱ्यावरून गट नंबर लिहायचा आणि पुढे निघायचं. एका ठिकाणाला वीस मिनिटं. फोटो बुधवारी, कारण फिल्मचे रोल मोजून मिळतात. ही पद्धत मीच बसवली आहे आणि तिच्यामुळे आमचा एकही पास, म्हणजे उपग्रहाची एकही फेरी, आजवर वाया गेला नाही, याचा मला अभिमान होता.

बोरीच्या अलीकडे-पलीकडे काळी सपाट जमीन आहे. रब्बीची ज्वारी छातीला लागेल इतकी, बांधाला करडईची काटेरी रांग, मधे कापसाच्या वाळक्या पळाट्या. आमच्याकडे दर फर्लांगाला चढ किंवा उतार येतो, आणि डोळ्यांना कुठे तरी टेकायला मिळतं. इथे नजर जाते ती जातच राहते. मला ते फार वेळ पाहवेना. म्हणून यादीत पाहिलं.

सतरा नंबर येलदरीच्या रस्त्याने आत वळल्यावर, नाल्याच्या काठी होता. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. संगणकाने इथे राखाडी रंग दिला होता : खडकाळ पडीक. उताऱ्यावर 'गायरान' होतं, म्हणजे गावाची गुरं चरण्याची जमीन. प्रत्यक्षात उतरलो तर समोर पीक. दाट नव्हतं. मुरमाड उतार, हाताच्या अंतरावर हरभऱ्याची झुडपं, वरच्या अंगाला गुडघ्याइतकी ज्वारी, आणि सगळीकडे दगड. काठावर दगडांचे ढीग रचलेले. संगणकाची चूक कुठे झाली ते लगेच कळलं. पीक विरळ, दगड जास्त. वरून पाहणाऱ्याला दगडच दिसणार. जवळून यंत्राने मोजलं की ती चूक निघून जाणार होती. अशा चुकांसाठीच तर आम्ही आलो होतो. मी डायरीत लिहिलं, 'पीक, दहातले तीन भाग. बुधवारी दुरुस्त करणे.'

चार-पाच बायका खुरपत होत्या. एक माझ्याच वयाची, हातातला दगड ढिगावर भिरकावून पुढे आली. तिचं नाव गयाबाई, हे मला दोन दिवसांनी कळलं. मागे झोपड्यांवर निळा झेंडा होता.

"जयभीम. कोन गावच्या म्हनायच्या?"

"नमस्कार. पुण्याहून आलो."

"पुन्याहून आमचं रान बघाया? पुन्याला रान न्हाई का?"

मागच्या बायका हसल्या. मीही हसले.

"काय काय लावलंय?"

"दिसायलंय की. हरभरा, ज्वारी, आन दगड. दगडाला पानी लागत न्हाई, म्हून त्योच लय हाय."

तिने दोन झुडपं उपटून माझ्या हातात दिली. हिरवे घाटे होते, आंबट खार बोटांना लागला. मी एक घाटा सोलून खाल्ला. तेवढ्यात वानखेडे यांनी खुंटी ठोकली आणि फडकं बांधलं. गयाबाईने तिकडे पाहिलं.

"हे कशापायी?"

"नकाशासाठी. परवा सकाळी साडेदहाला पुन्हा येऊ."

"नेमकं साडेधाला?"

"नेमकं."

"आन आमचं नाव न्हाई लिवलं?"

"नाव लागत नाही. गट नंबर पुरे."

ती काही तरी बोलणार होती, पण वीस मिनिटं झाली होती. पुढे अजून सात ठिकाणं राहिली होती. मी जीपमध्ये बसले.

मंगळवार, येलदरी

सोमवारी राहिलेल्या ठिकाणांच्या पाहणीसाठी येलदरीला गेलो. धरणाची भिंत दुरून दिसली तेव्हा वाटलं, इथे तरी मन मोकळं होईल. पाणी शिशासारखं होतं. वारा नव्हता. वीजघराचा एकसुरी आवाज आणि काठावर जाळी दुरुस्त करणारी दोन माणसं. त्यांनी मान वर केली नाही. जेवायला भोयांच्या खाणावळीत मासा मिळाला, शेंगदाण्याच्या कुटात केलेला. समुद्राचा मासा खाऊन वाढलेल्या माणसाला तळ्यातला मासा मातकट लागतो. मी तसं म्हटल्यावर वाढणारी बाई म्हणाली, "माती न्हाई लागंल तं काय? मातीतच रहातंय ते."

परतताना टायर पंक्चर झाला. जादाचा टायर आधीच पंक्चर होता, हे करीमभाईंनी तेव्हा सांगितलं. दीड तास गेला. बोरीजवळ रस्त्याकडेला हरभऱ्याच्या ओल्या पेंढ्यांचे मोठे ढीग दिसले, दोन बायका विकायला बसलेल्या. दोघींनी पदर पुढे ओढला होता. पेंढ्या इतक्या स्वस्त की वानखेडेंनी चार घेतल्या. करीमभाईंनी वाळक्या काड्या पेटवून त्यावर झुडपं धरली, घाटे काळे झाल्यावर राखेतून निवडून आम्ही दाणे खाल्ले. याला इकडे हुळा म्हणतात. दोन दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं, हे लिहायला हवं.

करीमभाई दाणा चावून थांबले. "कच्चा हाय, मॅडम. आत अजून दूधच हाय. पंधरा दिवस थांबायला पायजे होतं. कुनाला तरी लय घाई झाली."

मी हात पुसले आणि डायरीत लिहिलं, 'हरभरा, बोरी, भरपूर आवक.'

बुधवार, सतरा नंबर

सकाळी सोळा नंबरला फार वेळ लागला नाही, म्हणून सतराला साडेनऊलाच पोचलो. नाल्यावरून जीप वर चढली आणि मला वाटलं, जागा चुकली.

उतार उघडा होता. दगडांचे ढीग होते तसेच. मुरमात बोटाएवढी भोकं, त्यांच्यावरून कोणी तरी काट्याची फांदी ओढलेली. त्या सगळ्या उतारावर उभी होती ती एकटी आमची खुंटी, लाल फडक्यासकट. तिच्याभोवतीची वीतभर जागासुद्धा कोणी उकरलेली नव्हती.

धस्कटं तरी दिसतील म्हणून मी पुढे चालत गेले. आमच्याकडे भात विळ्याने कापतात. कापणी झाली तरी भाताचं धस्कट पुढे चार महिने शेतात उभं असतं आणि हे शेत होतं हे आंधळ्यालाही पायाला कळतं. मी तसंच गृहीत धरलं होतं, की पीक काढलं तरी खूण राहतेच. इथे हरभरा मुळासकट उपटतात. रब्बीची ज्वारीसुद्धा उपटतात आणि मग कणसं खुडतात. मागे काही उरत नाही. परभणीची पिकं कशी काढतात हा प्रश्न माझ्या कुठल्याच यादीत नव्हता.

गयाबाई झोपड्यांकडून आली. मागे बाकीच्या बायका आणि तीन-चार पुरुष. आज कोणी हसत नव्हतं.

"बघा," ती म्हणाली. "काई न्हाई आमचं इथं. जनावरं सोडायची आसतील तं सोडा."

"कसली जनावरं?"

"आता इचारायलाव? बरं हाय."

"मावशी, पीक कुठे गेलं?" वय सारखं असूनही माझ्या तोंडून मावशी गेलं.

"उपटलं. काल दिसभर समदी घरं लागली. हरभरा बोरीला इकला, कवळा तं कवळा. ज्वारीत दाना भरला न्हवता. आता जनावराची वैरन हाय ती."

"पण का?"

"कामून म्हंजी?" तिचा आवाज चढला. "खुटी तुमी मारली. लाल फडकं तुमी बांधलं. टाइम तुमी देला. नाव न्हाई इचारलं, नंबर लिवला. लय साल झाले, आशीच जीप आलती. आशाच खुट्या. दोन दिसांनी गावची समदी गुरं आनून सोडली उभ्या पिकात, सायेब बांधावर उभा. नाल्याच्या पल्याड सहा घरं हायेत, त्यांचं गेलं. आमाला आधी कळलं, आमी रातीतून उपटलं. आमचं वाचलं."

मी तिथेच दगडावर बसले. मग सांगायला लागले : आम्ही पीक मोडायला आलो नव्हतो. वरून फोटो काढणाऱ्या यंत्राला तुमचं रान पडीक दिसतं. ते पडीक नाही, हे लिहायला मी आले होते. त्यासाठी मला पीक उभं हवं होतं, आज, साडेदहाला.



"उभं पाह्यजे व्हतं?" मागची एक तरणी बाई म्हणाली.

"हो."

"आन तुमी परवा हे सांगितलं आसतं तं?"

"वीस मिनिटांत नाही सांगितलं," मी म्हटलं.

ती बाई खाली बसली आणि तिने कपाळ गुडघ्याला टेकलं. गयाबाई मात्र उभीच होती. तिने उन्हाकडे पाहिलं.

"किती टाइम हाय आजून?"

"पाऊण तास."

"ये गं," तिने बायकांना हाक दिली. "वैरन आना. म्याडम म्हनंल तिथं मांडू. हरभऱ्याच्या पन चार पेंढ्या हायेत. खोचून उभं करू, वाळलं न्हाई आजून. जिथं तुमचं यंत्र धराल तिथं उभं दिसंल."

वानखेडे माझ्याजवळ वाकले. हळू म्हणाले, "मॅडम, एवढ्याशा पेंढ्या उपग्रहाला काही दिसायच्या नाहीत, पण आपल्या आलेखात येईल. कालचंच उपटलेलं आहे, पान अजून ओलं आहे. जागेवरचा आलेख पिकाचा असला तर नकाशात ही जागा पीक म्हणूनच जाईल. मी काही बोलणार नाही."

ते खरं होतं. बायका भारे घेऊन यायलाही लागल्या होत्या.

मी नको म्हटलं.

कारण सांगते. या ठिकाणांचे आलेख संगणकाला शिकवण्यासाठी वापरतात. त्या क्षणी उपग्रहाला या जागेवर उघडा मुरूम दिसणार होता, आणि मी त्याला सांगणार होते की याला हरभरा म्हण. मग जिल्ह्यात जिथे जिथे असा मुरूम आहे तिथे तिथे त्याने हरभरा दाखवला असता. तेवीस ठिकाणांचं काम एका ठिकाणासाठी नासलं असतं. हे मी गयाबाईलाही सांगायचा प्रयत्न केला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी जिल्ह्याचं चुकू ने म्हून आमचं चुकू द्यायचं."

"मी दुसरा मार्ग बघते."

"बघा," ती म्हणाली, आणि हाताने बायकांना थांबवलं. भारे तिथेच खाली ठेवले गेले.

सव्वादहाला वानखेडेंनी यंत्र मांडलं. आधी पांढऱ्या पाटीवर धरून प्रकाश मोजायचा, मग जमिनीवर. एका म्हाताऱ्याने पाटी पाहून विचारलं, "कोरीच हाय? काई लिवत न्हाईत का?" साडेदहाला वर आकाशात काहीच दिसलं नाही, कधीच दिसत नाही. यंत्राच्या लहान पडद्यावर रेघ उमटली. गयाबाई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"ही आमच्या रानाची रेघ?"

"आजची."

"आन परवाची?"

"परवाची घेतली नाही."

ती हसली. चेष्टेने नव्हे, पण मला ते हसणं अजून सहन होत नाही. "पल्याडच्यांची गंमत सांगू का म्याडम? त्यांचं पीक गुरांनी खाल्लं, पर पंचनामा झाला. त्यात लिवलं, उभं पीक. सायबानं सही केली. त्या कागदावर आता त्यांना जमीन द्यायचा हुकूम झालाय, इतक्या सालापासून कसायलेत म्हून पुरावा. आमी पीक वाचवलं, तं आमच्याकडं कागद न्हाई. आवंदा धाड पडंल आसं वाटलं, तवा समदे म्हनले उपटा. मी बी म्हनलं उपटा. पडू द्याची व्हती."

वानखेडे यंत्र आवरत होते. मी डायरीतून दोन कोरी पानं काढली आणि दगडावर ठेवून लिहिलं : मी अमुक, हुद्दा अमुक, सोमवारी या गटात हरभरा आणि ज्वारी यांचं उभं पीक स्वतः पाहिलं आहे, क्षेत्राच्या सुमारे तीन दशांश भागावर, कसणाऱ्यांची नावं खालीलप्रमाणे. मग मी नावं विचारली. अकरा घरं. एकेकाने पुढे येऊन नाव सांगितलं, बायकांनी नवऱ्याचं न सांगता आपलं.

"आज नाव लागलं व्हय?" गयाबाई म्हणाली. पण तिने कागदाची घडी नीट घातली आणि कमरेला खोचली.

दुपारी बोरीला तलाठ्याला गाठलं. तरुण होता, सभ्य. चहा मागवला. मी विचारलं, पीकपाहणीत या गटावर काय लिहिता?

"काही नाही, मॅडम. गायरानात पीक नसतं."

"मी सोमवारी पाहिलं."

"असू शकतं," तो म्हणाला. "पण गायरानात नसतं."

उरलेली माती-पाण्याची ठिकाणं, जी एका दिवसाने बदलत नाहीत, आम्ही गुरुवारी परभणीच्या आसपास आटोपली. सगळी यादीप्रमाणे झाली. रात्रीच्या गाडीत वानखेडेंनी पेटी पुन्हा मांडीवर घेतली.

पुणे

सतरा नंबरच्या तक्त्यावर मी दोन नोंदी केल्या : सोमवारी पाहिलेलं पीक, आणि बुधवारी काढलेला उघड्या जमिनीचा आलेख. शेरा लिहिला, 'पीक आमच्या येण्याच्या भीतीने मुदतीआधी उपटले. पडीक नाही.' आमच्या वरिष्ठांनी तो दोनदा वाचला. ते वाईट माणूस नाहीत.

"नोंद एकच घेता येते, बाई. पासच्या दिवशीची."

"मग हे ठिकाण रद्द करा."

"रद्द केलं तर तिथे संगणकाचं मत राहतं."

"म्हणजे पडीक."

"पडीकच," ते म्हणाले. "शेऱ्याला नकाशात रंग नसतो."

नकाशा छापून आला. बाकी काम उत्तम झालं असं सगळे म्हणाले, आणि ते झालंही आहे. मुरूम आणि विरळ पीक यांतला फरक त्या आलेखांमुळे जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी पकडता आला. सतरा नंबर राखाडी आहे. माझ्या बोटाच्या पेराहून लहान.

मी आता पाहणीच्या पहिल्याच दिवशी फोटो काढते आणि पहिल्याच दिवशी, वेळ लागला तरी, कशासाठी आलो ते सांगते. ही दुरुस्ती यादीत केली आहे. पुढच्या माणसांना ती उपयोगी पडेल.

पावसाळा संपता संपता गयाबाईचं पत्र आलं, तिच्या सुनेच्या अक्षरात. माझा कागद तहसिलीत दाखवला. तिथे विचारलं, या मॅडमना दाखला द्यायचा अधिकार आहे का? शिक्का नाही. ठेवून घेतला आहे. झाडं लावायची योजना आली. रान तारेनं वेढलं. खड्डे खोदायचं काम मात्र आमच्याच अकरा घरांना दिलं, तेवढं बरं झालं. पुढे तिने लिहवलं होतं ते जसंच्या तसं उतरवते :

'खड्डे लवकर व्हायलेत. हातभर माती भुसभुशीत लागायली, दगड नाही. दगड आमीच येचले व्हते. मुकादम रोज इचारतो, पडीक रानात कुदळ इतकी सहज कशी जायली, दुसरीकडं तर जात नाही. आमी गप ऱ्हातो. खरं सांगितलं तर म्हनंल, आतिक्रमन करत व्हतात, आन कामावरून काढंल. म्याडम, तुमी शिकलेल्या हाव. त्याला काय सांगावं ते कळवा.'